रहस्यकथाकाराची बैठक

दिवाळी अंक घरात आला की पहिले दोन-चार दिवस तो एका माणसाच्या हाती टिकत नाही. पाककृतींचे पान एकाला हवे असते, राशिभविष्य दुसऱ्याला. वैचारिक लेख 'पुढे सवडीने वाचू' म्हणून सगळेच ठेवून देतात. रहस्यकथेचे मात्र तसे नाही. ती घरातले झाडून सगळे वाचतात, आणि विचारले तर 'सहज चाळली' एवढेच कबूल करतात. ज्या वाङ्मयप्रकाराला इतका वाचक आहे त्याविषयी इतका चोरटेपणा का, असा प्रश्न पडतो. मला वाटते, त्या प्रकाराच्या लेखकाविषयी आपल्या मनात जे चित्र बसले आहे त्याचा हा परिणाम असावा. कवी म्हटला की तो खिडकीशी बसून पावसाकडे पाहतो. रहस्यकथाकार म्हटला की तो गवळ्याने दुधाचा घालावा तसा कादंबऱ्यांचा रतीब घालतो. पहिल्याला स्फुरते, दुसऱ्याला नुसते जमते!

हे चित्र कितपत खरे आहे ते पाहावयाचे तर ही मंडळी लिहावयास कशी बसत, हेच पाहिले पाहिजे. त्याविषयी मुलाखती आहेत, आत्मचरित्रे आहेत, पत्रे आणि टाचणवह्या आहेत. एरवी ही माहिती जेवणानंतरच्या गप्पांसारखी, गंमत म्हणून सांगितली जाते. पण ती एकत्र ठेवून पाहिली की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. कथेतला गुप्तहेर ज्या रीतीने रहस्याचा माग काढतो, ती रीत त्याला त्याच्या लेखकाच्या लिहिण्याच्या बैठकीतून मिळालेली असते. लेखक टेबलाशी जसा बसतो तसा त्याचा गुप्तहेर जगात वावरतो.

वेगाचा मुद्दा आधी घेऊ, कारण आक्षेप सगळा त्याच्यावरच आहे. आणि वेग म्हटला की एडगर वॉलेस.

१८७५ साली ग्रिनिच येथे एका नटीच्या पोटी जन्मलेले हे मूल लंडनच्या बिलिंग्जगेट मासळीबाजारात हमाली करणाऱ्या फ्रीमन नावाच्या माणसाच्या घरी वाढले. पोर रस्त्यावर वर्तमानपत्रे विकू लागला, पुढे पलटणीत शिरून दक्षिण आफ्रिकेला गेला आणि तेथेच बातमीदार झाला. १९०२ साली बोअर युद्धाचा तह ठरत असता बातमीदारांना छावणीबाहेर ठेवले होते. वॉलेसने आतल्या एका ओळखीच्या पहारेकऱ्याला वश केले. आगगाडी छावणीवरून जाई तेव्हा पहारेकरी नाक पुसण्यासाठी कोणत्या रंगाचा रुमाल काढतो, यावरून वाटाघाटी कोठवर आल्या ते वॉलेसला कळे! लष्करी तपासनिसांच्या हातावर तुरी देऊन त्याने ती बातमी सर्वांच्या आधी लंडनला पोचवली. पुढच्या तीस वर्षांतल्या त्याच्या लेखनात याहून सरस प्रसंग फारसे नाहीत.

१९०५ साली त्याने 'द फोर जस्ट मेन' ही कादंबरी पदरमोड करून छापली. खून कसा झाला ते ओळखणाऱ्यांना ५०० पौंडांची बक्षिसे ठेवली, गावभर जाहिराती लावल्या, आणि बरोबर उत्तर देणाऱ्या किती जणांना पैसे मिळतील हे नियमांत घालायचे विसरला. उत्तरे आली, बरोबरही आली, आणि पुस्तक धो धो खपत असता लेखक कर्जात बुडाला. येथून मरेपर्यंत वॉलेसचे आयुष्य म्हणजे देणेकऱ्यांशी चाललेली शर्यत आहे. त्यात भर घोड्यांच्या शर्यतींची. मिळेल ते तो घोड्यांवर लावी, आणि घोडे बहुधा हरत.

अशा माणसाला टाक दौतीत बुडवत बसणे परवडणारे नव्हते. वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून टेबलाभोवती काचेचा आडोसा केलेला, तोंडात लांब नळीतली सिगारेट, शेजारी गोड चहाचे कप एकामागून एक, आणि पुढ्यात मेणाच्या नळकांड्यावर आवाज टिपणारे यंत्र. वॉलेस बोले, कर्टिस नावाचा त्याचा चिटणीस ती नळकांडी नेऊन विलक्षण झपाट्याने टंकलिखित करी. 'ऑन द स्पॉट' हे शिकागोच्या गुंडांवरचे नाटक त्याने चार दिवसांत सांगून संपवले. शुक्रवारी सुरू केलेली कादंबरी सोमवारी तयार, असेही घडले. कादंबऱ्यांची संख्या १७० वर गेली. १९३२ साली हॉलिवुडमध्ये तो वारला तेव्हा 'किंग काँग'च्या कथेवर काम करीत होता. मागे उरलेले प्रचंड कर्ज पुस्तकांच्या उत्पन्नातून दोन-तीन वर्षांत फिटले, हे मात्र त्याला पाहायला मिळाले नाही.

आता त्याची कोणतीही कादंबरी उघडा. माणसे धावतात, दारे आपटतात, मोटारी अंधारात भरधाव जातात, आणि कोणी विचार करायला बसलाच तर दुसऱ्या ओळीला बाहेर गोळी सुटते. थांबणे या जगात निषिद्ध आहे, कारण लेखकालाही थांबण्याची सोय नव्हती. बोलून लिहिलेल्या या गद्यात संवाद अस्सल उतरतात, माणसे मात्र आवाजापुरतीच उरतात. अपवाद आहे तो जे. जी. रीडर या छत्रीवाल्या, भिडस्त, वयस्क गृहस्थाचा. आपले मन मूळचे गुन्हेगाराचेच आहे, म्हणून आपल्याला चोर कळतात, असे हा गृहस्थ संकोचाने सांगतो. १९२५ च्या त्या कथासंग्रहात वॉलेस क्षणभर बसलेला दिसतो. एका माणसाकडे पाहण्याइतका वेळ त्याने कोठून चोरला कोण जाणे!

येथवर वाचून 'पाहा, रतीबच की!' असे कोणी म्हणेल. तर मग याच वेगाचा दुसरा माणूस पाहू. वॉलेसचा काचेचा आडोसा खरा होता. या दुसऱ्याच्या नावावर असलेली काचेची पेटी मात्र कधी अस्तित्वातच आली नाही.

जॉर्ज सिमेनॉन १९०३ साली बेल्जममधील लिएज गावी जन्मला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास गावच्या वर्तमानपत्रात बातमीदार झाला आणि १९२२ च्या अखेरीस पॅरिसला आला. तेथे त्याने टोपणनावांनी सवंग कादंबऱ्यांचा सपाटा लावला. त्यांची संख्या दोनशेच्या घरात जाते. १९२७ साली एका वर्तमानपत्राच्या चालकाने टूम काढली की या पोराला मूलाँ रूज या नृत्यगृहासमोर काचेच्या पेटीत बसवावे आणि लोकांच्या देखत त्याने एक कादंबरी लिहून पुरी करावी. करार झाला, जाहिराती झाल्या, टीका झाली. प्रत्यक्षात काहीच घडले नाही. तरीसुद्धा 'आम्ही त्याला पेटीत लिहिताना स्वतः पाहिले' असे सांगणारे लोक पुढे कितीतरी वर्षे भेटत राहिले. सिमेनॉनच्या कोणत्याही रहस्याइतकेच हे मौजेचे आहे. वेगाने लिहिणारा लेखक हा तमाशाच असणार, असे लोकांनी इतके धरून चालले होते की न झालेला तमाशाही त्यांना दिसला.

त्याच्या घडणीतला निर्णायक प्रसंग याआधीचा आहे. 'ल माताँ' या पत्राच्या वाङ्मय विभागाच्या संपादिका होत्या कोलेत. खुद्द मोठ्या लेखिका. या तरुणाच्या कथा त्यांनी परत केल्या, आणि सांगितले की यातले 'वाङ्मय' काढून टाक. शोभेचे सगळे काढ. सिमेनॉनने हा सल्ला जन्मभर पाळला. संस्करण करताना तो काय करी, तर विशेषणे काढी, क्रियाविशेषणे काढी, नुसता परिणाम साधण्यासाठी आलेला प्रत्येक शब्द काढी. एखादे वाक्य सुंदर उतरले आहे असे दिसले की ते गेलेच. आपल्याकडे नवोदितांना नेमका याच्या उलट सल्ला मिळतो, पण तो विषय वेगळा.

आणि त्याची बैठक! कादंबरी सुरू करण्यापूर्वी तो एक मोठे पाकीट घेई आणि त्याच्या पाठीवर पात्रांची नावे, वये, घरचा पत्ता, बापाचा धंदा, दूरध्वनीचा क्रमांकसुद्धा टिपून ठेवी. नावे दूरध्वनीच्या सूचीतून शोधलेली असत. यातले पुष्कळसे पुस्तकात येतही नसे. कथानक असे काही ठरलेले नसे. शेवट काय होणार हे त्यालाही ठाऊक नसे. एक माणूस, आणि त्याला स्वतःच्या सीमेपर्यंत ढकलणारी एक घटना, एवढेच हाती असे. मग डॉक्टरांना बोलावून प्रकृती तपासून घ्यायची, रक्तदाब पाहायचा, मुलांनाही तपासून घ्यायचे. कारण पुढचे दहा-अकरा दिवस आजारपणाला सवड नाही. दारावर हॉटेलातून आणलेली 'त्रास देऊ नये' अशी पाटी. टोके केलेल्या पेन्सिलींचा ढीग. पहाटे बसायचे आणि दिवसाला एक प्रकरण लिहायचे. ना अधिक, ना उणे. भेटीगाठी बंद, दूरध्वनी बंद. मध्येच आजारी पडून दोन दिवस खंड पडला, तर लिहिलेली प्रकरणे टाकून द्यायची आणि त्या कादंबरीकडे पुन्हा फिरकायचे नाही.

हे सगळे कशासाठी? १९५५ साली 'पॅरिस रिव्ह्यू' या नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत त्याने कारण सांगितले आहे. लिहिताना तो त्या पात्राच्या जागी जाऊन राहतो. पाच-सहा दिवसांनी ते असह्य होऊ लागते. अकरा दिवसांपलीकडे शरीर ते सोसत नाही. म्हणून कादंबऱ्या लहान. कोणी यात थोडी नाटकबाजी पाहील, आणि सिमेनॉनला नाटकबाजीचे वावडे होते असे मीही म्हणणार नाही. १९३१ साली मेग्रेच्या पहिल्या पुस्तकांच्या प्रकाशनासाठी त्याने पॅरिसमध्ये नृत्याचा जलसा ठेवला आणि येणाऱ्या पाहुण्यांच्या बोटांचे ठसे घेतले! पण नाटक पुस्तकाबाहेर आहे. पुस्तकात त्याचा मागमूस नाही.

पुस्तकात आहे तो इन्स्पेक्टर मेग्रे, आणि तो काय करतो ते पाहण्यासारखे आहे. भिंगातून राख पाहणे नाही, रेल्वेची वेळापत्रके जुळवणे नाही. मेलेल्या माणसाच्या गल्लीत जातो. कोपऱ्यावरच्या दुकानात बिअर पितो. स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसतो, चुलीवर काय शिजते आहे ते विचारतो. चौकीदारणीचे रडगाणे ऐकतो. कोणी 'तुमचा अंदाज काय?' असे विचारले की चिडतो, कारण त्याला अंदाज नसतो. दोन-चार दिवसांत त्या घराचा वास त्याच्या कपड्यांना लागतो, आणि मग एका क्षणी तो त्या माणसासारखाच वागू लागतो. तेथे उलगडा होतो. पाकिटाच्या पाठीवर पत्ते टिपून, दार लावून, दुसऱ्याच्या आयुष्यात शिरणाऱ्या लेखकाची ही हुबेहूब तसबीर नव्हे काय? मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या आहेत. त्या अकरा-अकरा दिवसांत लिहिल्या म्हणून उथळ आहेत, असे त्या वाचलेला मनुष्य म्हणणार नाही. वॉलेस देणेकऱ्यांच्या पुढे धावत होता. सिमेनॉन धावत होता तो दुसऱ्याचे जिणे आपल्या अंगातून उतरून जाण्याच्या आत. घड्याळ दोघांचे सारखेच धावते. पण त्याखाली बसलेली माणसे अगदी निराळी.

ॲगाथा ख्रिस्ती यांच्याकडे वळले की घराच्या उंबरठ्याच्या आत आल्यासारखे वाटते. बाईंना लिहिण्याची स्वतंत्र खोली बरीच वर्षे नव्हतीच. एक न डुगडुगणारे टेबल आणि टंकलेखनयंत्र एवढे पुरे असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. निजण्याच्या खोलीतले तोंड धुण्याचे संगमरवरी टेबलही त्यांना चाले. धंदा काय, या रकान्यात त्या लेखिका असे न लिहिता 'विवाहित स्त्री' असे लिहीत. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयातील औषधालयात काम करता करता विषांची माहिती झाली आणि पहिली कादंबरी सुचली. ती १९२० साली बाहेर आली.

त्यांच्या ७३ टाचणवह्या मागे राहिल्या. जॉन करन या अभ्यासकाने त्या लावून २००९ साली त्यांवर पुस्तक काढले, तेव्हा रहस्याच्या या महाराणीचे माजघर सर्वांना दिसले. आणि काय तो पसारा! एका वहीत पाच-सहा कादंबऱ्यांची टिपणे, तीही वर्षांचा पत्ता न लागेल अशी उलटसुलट. खून कोणी करावा याची अ, ब, क अशी यादी. आणि त्याच पानांच्या आसपास नाताळच्या भेटींची, घरात आणायच्या वस्तूंची यादी, पत्त्यांच्या डावाचे गुण. शिस्तीचा पुतळा असलेल्या प्वारोचे जन्मस्थान हे! माझ्या सिद्धांताला येथे तडा जातो असे वाटेल. पण प्वारो हा त्यांच्या बैठकीचा गुप्तहेर नव्हेच. तो त्यांनी बाहेरून आणलेला पाहुणा. त्याचा त्यांना पुढे कंटाळा आला होता, हे तर जाहीर आहे. सफरचंदे खाणारी, वेंधळी, आपल्या फिनिश गुप्तहेराला विटलेली ॲरिआडनी ऑलिव्हर नावाची लेखिका त्यांनी कथांत आणली, ती उगीच नव्हे.

त्यांच्या बैठकीची खरी मुलगी मिस मार्पल. ही म्हातारी सुया चालवीत बसते, बागेतले तण उपटते, शेजारणीचे ऐकते. अमका मोठा सावकार तिला गावच्या एखाद्या लबाड पोऱ्यासारखा दिसतो आणि तेथेच तो फसतो. घरकाम आणि तपास यांत तिला भिंत नाही. टाचणवहीत वाणसामान आणि खून यांत कोठे भिंत आहे? कामाच्या अधल्यामधल्या फटींत विचार करणाऱ्या बाईने कामाच्या फटींत तपास करणारी बाई निर्माण केली. १९२६ साली आई गेली, संसार मोडायला आला, बाई अकरा दिवस नाहीशा झाल्या. तो गाजलेला प्रकार येथे उगाळायला नको. पण त्यानंतर पैशांसाठी, मन नसताना, 'द मिस्ट्री ऑफ द ब्लू ट्रेन' पुरी करावी लागली. आपण हौशी लेखिकेच्या धंदेवाईक लेखिका झालो तो क्षण हा, असे त्या सांगतात: नको असतानाही लिहायचे. ती कादंबरी त्यांना स्वतःला कधीच आवडली नाही. पुढे दुसरे पती, पुरातत्त्वज्ञ मॅलोवन, यांच्याबरोबर त्या इराकात निमरूदच्या उत्खननावर जात, तेव्हा त्यांच्यासाठी कच्च्या विटांची एक छोटी खोली बांधली गेली आणि तिला 'बैत अगाथा', म्हणजे अगाथाचे घर, असे नाव मिळाले. तेथे लिहिणे आणि उत्खननात सापडलेले हस्तिदंत चेहऱ्याला लावायच्या क्रीमने पुसणे, ही दोन्ही कामे चालत.

संथ लिहिणाऱ्यांत रेमंड चँडलर. तेलाच्या कंपनीतली मोठी नोकरी १९३२ मध्ये गेली तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. पहिल्या कथेला पाच महिने लागले. पिवळ्या कागदाचे आडवे अर्धे तुकडे करून तो त्यावर टंकन करी, म्हणजे त्या दहा-पंधरा ओळींत काहीतरी चमकले पाहिजे असे बंधन आपोआप पडे. त्याचा एक नियम होता: रोज चार तास लिहिण्यासाठी राखायचे. लिहिलेच पाहिजे असे नाही. पण दुसरे काहीही करायचे नाही, वाचायचे नाही, पत्रे लिहायची नाहीत. फिलिप मार्लो आपल्या धुळकट कचेरीत, न वाजणाऱ्या दूरध्वनीसमोर, नेमका असाच तर बसलेला असतो! अर्ध्या कागदाचा गुण-दोषही कादंबरीत उतरला आहे. ओळ न् ओळ झगझगीत, आणि कथानकाचे टाके उसवलेले. 'द बिग स्लीप'चा चित्रपट होत असता त्यातल्या शोफरला कोणी मारले, असे चँडलरला विचारले गेले. त्याने कळवले की मलाही ठाऊक नाही. अशा सात कादंबऱ्या. संथपणाने त्याला वाक्य दिले आणि गोष्ट काढून घेतली.

इयान फ्लेमिंगविषयी थोडक्यात सांगता येईल. नोकरीत दरवर्षी दोन महिन्यांची रजा त्याने करारातच घालून घेतली होती, आणि ती रजा तो जमैकातल्या गोल्डनआय या घरी घालवी. सकाळी समुद्रात डुंबणे, मग खिडक्या लावून तीन तास लेखन, दिवसाला सुमारे २००० शब्द, मागे वळून वाचायचे नाही. १९५२ पासून हा क्रम. जेम्स बाँडच्या साहसांना कचेरीचा वास न येता सुट्टीचा का येतो, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. 'काळा पहाड' आणि 'झुंजार' यांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांना वाचायची गोडी लावली, हे वडीलधारी मंडळी आजही सांगतात. समीक्षेने मात्र त्यांच्याबाबत एकच काम चोख केले: पुस्तके मोजली. हजार हा आकडा आला की कौतुक करणारा थांबला आणि नाक मुरडणाराही थांबला. वाण्याच्या तराजूत वजन होते, चव कळत नाही. त्या हजारांत वॉलेससारखी धाव किती आणि रीडरसारखे बसलेले क्षण किती, झुंजार कोणत्या पुस्तकात नुसता पळतो आणि कोणत्या पुस्तकात त्याला माणसे दिसतात, हा निवाडा पुस्तके समोर घेऊन करण्याजोगा आहे. विदेशी लेखकाच्या पेन्सिलींची संख्या आपण चवीने सांगतो. आपल्या लेखकाच्या पुस्तकांची संख्या सांगून त्याला वाटेला लावतो. यात अर्नाळकरांपेक्षा नुकसान आपले अधिक आहे. लाखो वाचकांना पुढचे पान उलटायला लावणारे मराठी वाक्य कसे बनते, हे शिकण्याची एक चांगली शाळा आपण बंदच ठेवली.

या सगळ्या बैठकींत सर्वांत कडक ती सिमेनॉनची, आणि ती मोडली तीही विलक्षण रीतीने. १९७२ च्या सप्टेंबरात, स्वित्झर्लंडमधल्या घरी, तो नेहमीसारखा नवे पाकीट घेऊन बसला. नायकाचे नाव ठरले: व्हिक्टर. वय, पत्ता, नातेवाईक, सारे टिपून झाले. आणि दुसऱ्या दिवशी त्याला कळले की या माणसाच्या आत शिरणे आता होणार नाही. डॉक्टर तेच, पेन्सिली त्याच, दारावरची पाटी तीच. एक-दोन दिवसांत त्याने कादंबरीलेखन कायमचे सोडले, घर विकायला काढले आणि पारपत्रात धंद्यापुढे 'काही नाही' असे लिहून घेतले. पुढे १९८९ पर्यंत तो जगला. १९७३ पासून त्याने ध्वनिमुद्रणयंत्र समोर ठेवून आठवणी सांगितल्या. त्यांचे २१ खंड झाले. जन्मभर विशेषणे काढणारा हा माणूस आता वॉलेससारखा नुसता बोलत होता, आणि ते खंड कोठेही उघडावेत, कोठेही मिटावेत, असे आहेत. व्हिक्टरचे पुढे काय होणार होते, हे सिमेनॉनलाही ठाऊक नव्हतेच.